न खाल्लेला गूळ

सारजाबाई रागाला आली की आधी डोक्यावरचा पदर सारखा करायची. शांतपणे, दोन्ही हातांनी, एखादी पूजेला बसताना करते तसा. चिंचवंडीच्या बायका ओळखून होत्या. पदर सारखा झाला, आता कुणाची तरी धडगत नाही.

चिंचवंडी उमरग्याच्या पलीकडं. तिथल्या बायका मराठीत भांडतात आणि पायाला ठेच लागली की कानडीत कळवळतात. बहात्तरच्या दुष्काळात सारजाबाई आणि तिचा नवरा रामकिसन, दोघांनी सडकेच्या कामावर खडी फोडली. आज ज्या सडकेनं उमरग्याची एसटी येते, तिच्या पोटात सारजाबाईच्या हातची खडी आहे. हे ती कुणाला सांगत नसे. एसटी खड्ड्यात आदळली की मात्र शेजारणीला म्हणायची, "ह्यो तुकडा माझा न्हवं."

दुष्काळ सरला. भावानं माहेराहून एक वगार धाडली. तिचं नाव काशी. सारजाबाईनं तिला आपल्या ताटातलं चारून म्हैस केली. पुढं गावात दूध संस्था निघाली, पत्र्याचं शेड उभं राहिलं, सकाळ-संध्याकाळ दुधाची गाडी येऊ लागली, आणि सारजाबाई कासंडी डोक्यावर घेऊन डेरीवर दूध घालू लागली. चालायची अशी, जणू कासंडीत दूध नाही, गंगा आहे.

आणि त्याच दुधावर एके दिवशी आळ आला.

पण ते सांगायच्या आधी गावची रीत सांगायला पाहिजे. रीत म्हणून ती वाईट नव्हती. गावातलं भांडण पारावर यायचं, बोलणं व्हायचं, शेवटी गुळाचं ताट फिरायचं. ज्यांचं भांडण त्यांनी ताटातला खडा मोडून तोंडात टाकला की विषय मिटला. मग तो पुन्हा काढायचा नाही. रागानं नाही, थट्टेनंसुद्धा नाही. कुणाला काढायचाच झाला, तर त्यानं त्या दिवशी सकाळी समोरच्याच्या दारात जाऊन सांगायचं, "आज तुमचा-आमचा जुना विषय काढणार हाय." पाठीमागून वार नको म्हणून. आणि मग पारावर आलं की म्हातारा दगडोबा काठी टेकून एकच प्रश्न विचारायचा:

"नवं काय आणलंस?"

नवा साक्षीदार, नवी गोष्ट, काहीतरी नवं असलं तर बस, बोल. नसलं तर घरी जा. एकदा धोंडप्पानं शेरडांनी तूर खाल्ल्याचं जुनं प्रकरण उकरून काढलं होतं. दगडोबानं विचारलं, "नवं काय आणलंस?" धोंडप्पा बराच वेळ डोकं खाजवत बसला आणि म्हणाला, "नवं म्हंजी... राग नव्यानं आलाय." सगळा पार खदखदून हसला आणि धोंडप्पा स्वतःही हसत घरी गेला.

अशी रीत. एकच खोट होती. बाई पार चढत नव्हती. बाईचा विषय निघाला तर तिचा नवरा जायचा, तिच्या वतीनं बोलायचा, तिच्या वतीनं गूळ खायचा. नवरा-बायकोचं तोंड एकच, असा हिशोब. आता हे तोंड एकच असतं तर जेवण दोघांचं एकाच्या खाण्यात का भागत नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा. हिरवं नावाला नाही. काशी कडब्याची धसकटं चघळायची, नाहीतर कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्यांतून कुणी टाकलेलं वाढं. अंगावरच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. एका सकाळी डेरीवर सेक्रेटरी मच्छिंद्रनं सारजाबाईच्या दुधात दाटपणा मोजायची काचेची डिगरी सोडली. डिगरी पाहिजे त्यापेक्षा खाली बुडाली.

"पाणी," मच्छिंद्र म्हणाला.

"पाणी कुणाच्या घरचं? प्यायला न्हाय गावात, दुधात कुठनं घालू?"

शेजारी संस्थेचे चेअरमन सिद्रामप्पा उभे होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, बोलणं साखरेच्या पाकातलं. "सारजाबाई, डिगरी काय आपली वैरीण हाय का? ती सांगंल तेच खरं." आणि त्यांच्या एका मानेच्या हिसक्यावर मच्छिंद्रनं कासंडी शेडच्या बाहेर उपडी केली. पंधरा-वीस माणसांसमोर. काशीचं दूध धुळीत गेलं. कुत्रं आलं, हुंगलं आणि चाटू लागलं.

सारजाबाईनं पदर सारखा केला. पण तिला बोलायची सोय पारावर नव्हती. सांजच्याला रामकिसनला बोलावणं आलं.

दारातून निघताना तिनं त्याला अडवलं. "अवो, एकच सांगा. लई बोलू नगा. म्हणा, आत्ता दोघं-तिघं घरला चला, आपल्या हातानं काशीला पिळा, तिथंच डिगरी टाका. बुडाली तर दूध पातळच हाय. न बुडाली तर म्या चोर. सांगताव न्हवं?"

"सांगतो की."

"म्हणून दाखवा."

"अगं सांगतो म्हणलं न्हवं!"

रामकिसन परत आला तो धोतराच्या सोग्यात गुळाचा खडा बांधून. "मिटलं," म्हणाला.

"काय मिटलं?"

"म्या सांगून आलो. पुढं असं व्हणार न्हाय."

"पुढं?" सारजाबाईचा आवाज चढला. "पुढं म्हंजी? मागं झालं व्हतं व्हय?"

"अगं चार माणसांत..."

"म्हशीचं सांगितलंत का?"

रामकिसननं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "विषय तिथवर आलाच न्हाय. हा घे तुझा गूळ. अप्पांनी आठवणीनं दिलाय. तोंड गोड कर म्हणले."

तिनं गूळ घेतला. तळहातावर धरून उभी राहिली. म्हणजे आपण चोरी केली, नवऱ्यानं ती कबूल केली, आणि आता आपण गोड मानून चघळायची! ती गोठ्याकडं गेली. काशीनं मान वर केली. सारजाबाईनं खडा तिच्या तोंडापुढं धरला. काशीनं लांबलचक जिभेनं तो उचलला आणि डोळे मिटून चघळला.

भिंतीपलीकडून शांताक्का बघत होती. ती कर्नाटकातून आलेली सून, सारजाबाईची जिवाभावाची. "अय्यो यव्वा! पाराचा गूळ म्हशीला?"

"आळ तिच्या दुधावर. तोंड गोड तिनंच करावं."

गावाच्या लेखी विषय मिटला. पण मिटला कसला! धोंडप्पाच्या शेरडांचा विषय मिटला तेव्हा गावात कुणी शेरडू हा शब्दसुद्धा त्याच्यासमोर काढत नव्हतं. सारजाबाईच्या दुधाचा विषय मात्र रोज सकाळी डेरीवर तिच्याआधी पोचलेला असायचा.

"वैनी, आज तुमच्याकडं पाऊस झाला म्हनं?"

"सारजाबाई, हिरीला पाणी हाय न्हवं अजून?"

आणि तिनं उलटून तोंड उघडलं, "ऐका, त्या दिशी..." की लगेच सगळे साधुसंत व्हायचे. "र्‍हाऊ द्या की आता. मिटलेलं उकरू न्हाय. गूळ खाल्लाय न्हवं? शिळ्या कढीला ऊत कशाला?"

म्हणजे बघा. टोमणा मारला तर ती थट्टा, उत्तर दिलं तर ते उकरणं. ज्यानं चिखल फेकला त्यानं रोज नवा गोळा घ्यावा, आणि जिच्या अंगावर पडला तिनं पुसायला पदर उचलला की म्हणायचं, जुना डाग आहे, सोड! सारजाबाईला ह्याचाच संताप होता. चोर म्हटल्याचा जितका, त्याहून जास्त ह्याचा. रात्री भाकरी थापताना ती भाकरीवर इतक्या जोरानं हात मारायची की रामकिसन म्हणायचा, "ती अप्पा न्हवं, भाकरी हाय."

"ठावं हाय. भाकरी फिरवली तर फिरती तरी."

तिची लेक जगदेवी डेरीवर जायला तयार नसायची. "आई, तू जा. मला पाणीवालीची म्हणत्यात." ते ऐकलं त्या दिवशी सारजाबाई जेवली नाही.

काशी म्हातारी होऊन मेली. तिची पारडी दूध देऊ लागली. पंच्याऐंशी साल उजाडलं, पुन्हा पाऊस रुसला, आणि कुठूनसा कागद आला की संस्थेच्या पंचमंडळात एक बाई घ्यायची. सिद्रामप्पांनी सभा बोलावली. दुपारची वेळ, पत्र्याचं शेड तव्यासारखं तापलेलं. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला पहिल्यांदाच आलेल्या बायका, मध्ये रिकामे कॅन. दगडोबा एका खांबाला टेकून बसला होता. आता एका कानानं त्याला कमी ऐकू यायचं, पण संस्थेचा सभासद होता आणि रीत अजून त्याच्याच जिभेवर होती.

"बोला, कुणाचं नाव सुचवायचं?" सिद्रामप्पा म्हणाले. त्यांच्या मनात त्यांची भावजय होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

शांताक्का उभी राहिली. "सारजाबाईचं."

शेडमध्ये कुजबुज झाली. सारजाबाईनं मान खाली घातली, पण नाव ऐकून तिचे कान तापले. सिद्रामप्पा हसले. तेच ते पाकातलं हसू.

"नाव चांगलं हाय. बाई कष्टाळू हाय, न्हाय कुठं म्हणतो? पर संस्था दुधाची हाय, पाणपोईची न्हवं. मागचं एकदा आठवून हात वर करा म्हंजी झालं."

हशा पिकला. मच्छिंद्र तर कॅनवर थाप मारून हसला. जगदेवी बायकांत बसली होती, तिनं गुडघ्यांत तोंड घातलं.

सारजाबाई उठली. दोन्ही हातांनी पदर सारखा केला.

"अप्पा," ती म्हणाली, "आज सकाळी माझ्या दारात आला व्हता का तुमी?"

"म्या? कशाला?"

"जुना विषय काढायचा व्हता तर सांगाया."

हशा थांबला. सिद्रामप्पांनी टोपी मागं सारली. "म्या कुठं विषय काढला? आठवण दिली नुसती."

"बरं. नवं काय आणलंत?"

"आँ?"

"दगडूतात्या इचारत्यात तसं इचारते. सात वरसांनी माझं दूध पुन्ना शेडात आणलंत, तर संगं नवं काय आणलंत? का धोंडप्पाभाऊजींगत हसू नव्यानं आलंय?"

धोंडप्पा मागून ओरडला, "म्या तरी घरला गेलो व्हतो बाबा!" आणि आता हसू फुटलं ते दुसऱ्या बाजूनं. बायकांच्या बाजूनं.

सिद्रामप्पांचा पाक जरा करपला. "हे बघा सारजाबाई, उगा फाटे फोडू नगा. तो विषय मिटलाय. जुनं उकरायचं न्हाय."

"उकरलं कुणी? तुमी खड्डा खणायचा अन् म्या डोकावलं की म्हणायचं, खड्ड्यात बघू न्हाय?"

"अवो बाई, गूळ खाल्लाय त्येच्यावर!"

"कुणी?"

"तुमच्या मालकांनी. हे काय इथंच बसल्यात. काय रामकिसन?"

रामकिसन पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"त्येंनी काशीला पिळली व्हती का?" सारजाबाई म्हणाली. "कासंडी त्येंनी आणली व्हती का? चोर कुणाला म्हणलंत, त्येंला का मला? आळ माझ्यावर अन् तोंड गोड त्येंचं, ही कुठली रीत?"

"तुमालाबी पाठवला व्हता की! म्या सोता, आठवणीनं!"

"पाठवला व्हता. मिळाला."

"मंग?"

"काशीनं खाल्ला."

दगडोबानं चांगला कान पुढं केला. "कुणी खाल्ला म्हनली?"

"म्हशीनं, तात्या!" शांताक्का ओरडली. "हौदु, व्हय! म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. भिताडावरनं. सगळा खडा म्हशीला चारला."

"दूध तिचं व्हतं, तात्या," सारजाबाई म्हणाली. "तिनं खाल्ला, तिचा विषय मिटला. ती मेली, सुखानं मेली. म्या खाल्ला न्हाय. माझा मिटला न्हाय."

शेडमध्ये एकच गलका झाला. कुणी हसत होतं, कुणी म्हणत होतं हा पाराचा अपमान आहे. सिद्रामप्पा हात वर करून म्हणत होते, "हे काय पोरखेळ हाय का? सात वरसांनी बाई उठती अन् म्हणती..." दगडोबानं काठी कॅनवर आपटली. रिकामा कॅन घंटेसारखा वाजला.

"सारजा, खरं बोलतीस?"

"तुळजाभवानीची आण."

म्हाताऱ्यानं काठी मांडीवर आडवी घेतली. "मंग मिटलंच न्हाय," तो म्हणाला. "उघडंच पडलंय इतकी वरसं, झाकण न घातलेल्या दुधागत. अप्पा, बसा खाली. बोलंल ती." आणि सवयीनं, डोळे बारीक करून, त्यानं विचारलं, "नवं काय आणलंस, पोरी?"

"कायबी न्हाय."

सिद्रामप्पा उसळले. "बघा! बघा, न्हाय म्हणती!"

"नवं काय आणू तात्या? काशी मेली. ते दूध कुत्र्यानं चाटलं. जुनंच हाय माझ्याकडं. पर ते कुणी ऐकलंच न्हाय अजून. न ऐकलेलं जुनं कसं व्हईल?"

दगडोबानं हातानं खूण केली, बोल.

आणि सारजाबाई बोलली. लांबण लावली नाही. काशीच्या बरगड्या, धसकटं, वाढं. आणि तो निरोप. "म्हणले व्हते, सांजच्याला या, आपल्या हातानं पिळा, तिथंच डिगरी टाका. कुणी आलं न्हाय." मग तिनं वळून नवऱ्याकडं बघितलं. "अवो, सांगितलंत का त्या दिशी हे?"

रामकिसन उभा राहिला. आख्ख्या शेडची नजर त्याच्यावर. "न्हाय सांगितलं," तो म्हणाला.

"का?" हे दगडोबानं विचारलं.

"म्या पारावर पोचलो तवाच, तुमी यायच्या आधीच, ताट पुढं आलं व्हतं, तात्या. अप्पा म्हणले, घे, मिटव. ताटाला नगं कसं म्हणू? पुढं असं व्हणार न्हाय म्हणलो अन् घेतला. तोंडात गूळ, मंग बोलू कसं?"

बोलणं व्हायच्या आधी ताट! पुरुषांच्या बाजूनंसुद्धा आता कुणी हसलं नाही. धोंडप्पा हळूच म्हणाला, "माझ्या शेरडांना तरी आधी बोलू दिलं व्हतं."

दगडोबानं दुकानातून गूळ मागवला. तेवढ्यात शेडबाहेर संध्याकाळचं दूध घेऊन माणसं जमू लागली. ऊन कलंडलं होतं तरी झळ होती. कासंड्यांवर ओली फडकी टाकून लोक आत डोकावत होते. सिद्रामप्पांनी ती संधी साधली. "चला, बरं झालं. ऐकून घेतलं. मनातलं निघालं. आता गोड करा अन् दूध घ्या." त्यांनी ताट स्वतः उचललं आणि सारजाबाईपुढं धरलं.

तिनं हात पुढं केला नाही.

"आधी बोला."

"काय बोलू आता?"

"पाणी व्हतं म्हणायचं आसंल तर तसं म्हणा. म्या ताट उलटं करून घरला जाते. न्हवतं म्हणायचं आसंल तर तसं म्हणा."

"अवो काशी मेली, आता मला कसं कळावं?"

"मंग तेच म्हणा. तुमाला ठावं न्हाय म्हणून. तोंडानं."

"दूध नासतंय भाईर!" मच्छिंद्र कळवळला.

"माझं नासलंय सात वरसं," सारजाबाई म्हणाली. "जरा दम धरा."

रीत अशी की ताट एकदा समोर आलं की ते रिकामं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. आपल्याच रीतीत सापडले होते सगळे. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अप्पा, म्हणा की काय ते! उन्हानं फाटतंय दूध!"

सिद्रामप्पा जमिनीकडं बघून पुटपुटले, "तवा आमी म्हैस पिळून बघितली न्हवती. पाणी व्हतं का न्हवतं, आमाला ठावं न्हाय."

"तात्यांना ऐकू आलं न्हाय," सारजाबाई म्हणाली. "त्येंचा ह्यो कान जड हाय."

दगडोबाला ऐकू आलं होतं. पण त्यानं कानामागं तळहात धरला आणि तोंड उघडं ठेवून वाट बघत बसला.

सिद्रामप्पांनी मान वर केली आणि पत्रा वाजेल अशा आवाजात पुन्हा म्हटलं. "पाणी व्हतं का न्हवतं, आमाला ठावं न्हाय! आमी बघितलं न्हवतं!"

सारजाबाईनं खडा मोडला. तोंडात टाकला. सगळ्यांसमोर, सावकाश, काशीसारखे डोळे मिटून चघळला. मग ताट तिनं त्यांच्या हातून घेतलं आणि बायकांकडं वळवलं. शांताक्कानं घेतला, जगदेवीनं गुडघ्यांतून तोंड काढून घेतला. रामकिसन चार पावलं पुढं आला आणि हसू का नको अशा चेहऱ्यानं त्यानं ताटाकडं हात नेला.

तिनं ताट मागं ओढलं.

"तुमी मागंच खाल्लाय."

पंचमंडळावर त्या वर्षी सिद्रामप्पांची भावजयच गेली. सारजाबाईसाठी हात तेवढे वर झाले नाहीत, आणि जे झाले ते कुणाचे होते हे सारजाबाईनं बघून ठेवलं. त्या संध्याकाळी तिचं दूध सगळ्यांच्या शेवटी घेतलं गेलं. मच्छिंद्रनं डिगरी सोडली, वाकून बघितलं आणि काही न बोलता कासंडी कॅनमध्ये रिकामी केली.

घरी जाताना जगदेवी म्हणाली, "आई, आता तरी राग गेला न्हवं?"

"तेवढं म्हणायला सात वरसं लागली त्येंना," सारजाबाई म्हणाली. "तोंड गोड झालं म्हणून राग बी गोड झाला, आसं कुणी समजू न्हाय. कासंडी धर. आन् उद्यापास्नं डेरीवर तू जायाचं."

जगदेवीनं कासंडी डोक्यावर घेतली.